पेन्शनवरचा कर आणि राज्याचे ऋण

प्राप्तिकर कोणत्या राज्याला द्यायचा, हा प्रश्न नोकरी करणाऱ्या बहुतेकांना कधी पडत नाही. माणूस ज्या देशात राबतो तिथेच राहतो, बहुधा तिथलाच नागरिक असतो, तिथल्याच दवाखान्यात जातो आणि तिथल्याच न्यायालयात दाद मागतो. श्रम, निवास आणि नागरिकत्व ही कराची तीन कारणे एकाच जागी नांदत असल्यामुळे त्यांतले खरे कारण कोणते, हे तपासण्याची गरज भासत नाही. पेन्शन आणि परदेशाशी असलेला संबंध एकत्र आले की ही कारणे सुटी होतात. वीस वर्षे न्यू जर्सीत काम केलेला इंजिनिअर उतारवयात पुण्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका मुलाकडे लंडनला जाऊन राहते. पैसा एका देशात कमावलेला, दुसऱ्या देशात खर्च होणारा आणि पासपोर्ट कधी तिसऱ्याच देशाचा. अशा वेळी कर मागणाऱ्या राज्याला आपल्या हक्काचे कारण सांगावे लागते. पेन्शनवरचा कर वरवर चार्टर्ड अकाउंटंटचा विषय दिसत असला, तरी मुळात तो राजधर्माचा विषय आहे. राज्याने कोणाकडून, कशाच्या बदल्यात आणि कुठवर घ्यावे, हाच त्यातला प्रश्न असतो.

आधी पेन्शन म्हणजे काय, हे ठरवावे लागते. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी आहे, मनात आले तर द्यावी, नाही तर थांबवावी, असा समज भारतात फार काळ टिकून होता. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मालमत्ता असल्याचे मान्य केले. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकरा खटल्याच्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेले. पेन्शन ही खैरात नाही. ती केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि म्हातारपणी माणसाला मानाने जगता यावे यासाठीची सामाजिक तजवीजही आहे, असे त्या निकालाचे सार आहे. पेन्शनरांच्या संघटना तो दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. कराच्या दृष्टीने मात्र या दोन व्याख्या दोन दिशांना ओढतात. पेन्शन हा मागे ठेवलेला पगार असेल, तर जिथे काम झाले त्या देशाचा हक्क आधी येतो. ती म्हातारपणाची तजवीज असेल, तर ते म्हातारपण जिथे जाते त्या देशाचा. तिसरीही बाजू आहे: पेन्शन ही बहुधा करसवलतीत वाढलेली बचत असते. भरताना कर माफ, वाढताना माफ आणि काढताना लागू, अशी तिची रचना असते. म्हणजे एका राज्याने आपला कर माफ केलेला नसतो, पुढे ढकललेला असतो. काढायची वेळ येईपर्यंत माणूस देश सोडून गेला, तर ढकललेला कर कोणी वसूल करायचा?

भारतीय कायद्यातही पेन्शनच्या स्वरूपाची ही दुविधा उमटलेली आहे. निवृत्त माणसाची स्वतःची पेन्शन ‘पगार’ या सदरात मोजली जाते आणि तिला पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावटही मिळते. नव्या करप्रणालीत ती ७५,००० रुपये आहे. तोच माणूस वारला आणि पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले, की ती रक्कम ‘इतर उत्पन्ना’त जाते आणि वजावट एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतले जे कमी असेल तेवढीच उरते. पैसा त्याच कोषागारातून, त्याच सेवेपोटी येतो. पण राबणारे हात गेले म्हणून कायदा त्याला पगार म्हणत नाही. विधवेचा घरखर्च मात्र पतीच्या मृत्यूबरोबर त्या प्रमाणात घटत नाही, आणि हा भेद न्याय्य ठरवणे कठीण आहे.

कराचे कारण काय, यावर भारतीय परंपरेने पुष्कळ विचार केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्स्यन्यायाने गांजलेली प्रजा मनूला राजा करते आणि धान्याचा सहावा, विक्रीच्या मालाचा दहावा भाग त्याला नेमून देते. अरण्यात राहणारे तपस्वीसुद्धा वेचून आणलेल्या दाण्यांचा सहावा हिस्सा आपल्या रक्षणकर्त्याचा म्हणून बाजूला काढतात, असे तिथे सांगितले आहे. तपस्वी कुठे जन्मला, त्याने आधी कुठे काय मिळवले, हे तिथे कोणी विचारत नाही. ज्याच्या रक्षणाखाली तो आज राहतो त्याला वाटा द्यायचा, एवढेच पुरते. मनुस्मृती या व्यवहाराची दुसरी बाजू कठोरपणे सांगते: रक्षण न करता कर घेणारा राजा प्रजेच्या पापाचा वाटेकरी होतो. त्याच ग्रंथात आंधळा, पांगळा आणि सत्तरी गाठलेला म्हातारा यांच्याकडून कर घेऊ नये, असाही नियम आहे. हक्क रक्षणातून येत असला, तरी देणाऱ्याची ऐपत आणि वय यांनी त्याला मर्यादा पडते, ही जाण त्यात आहे.

याच परंपरेत आणखी एक कल्पना आहे आणि पेन्शनच्या प्रश्नाला ती अधिक जवळची वाटते. माणूस जन्मतः ऋणी असतो: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे, माणसांचे ऋण जोडले. रक्षणाची किंमत देऊन व्यवहार मिटवता येतो; ऋण तसे मिटत नाही. गाव सोडले म्हणून सावकाराचे कर्ज फिटत नाही. ज्या समाजाने शिकवले, काम दिले, निवृत्तीच्या बचतीवर सवलत दिली, त्याचे देणे सीमा ओलांडल्यावरही बाकी राहते. रक्षणाची कल्पना आजच्या निवासाकडे पाहते आणि ऋणाची कल्पना कालच्या उपकाराकडे. आधुनिक करकायद्यातला मोठा वाद या दोन कल्पनांमधलाच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर तो जागतिक पातळीवर मांडला गेला. युद्धाने करांचे दर वाढले होते आणि एकाच उत्पन्नावर दोन-दोन देश हात टाकू लागले होते. राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना अभ्यास करायला सांगितले: कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिगमन, इटलीचे लुइगी एइनाउदी, ब्रिटनचे जोसाया स्टॅम्प आणि नेदरलँड्सचे ब्रूइन्स. १९२३ च्या अहवालात त्यांनी राजकीय निष्ठेऐवजी आर्थिक बांधिलकी हा निकष पुढे आणला. संपत्ती कुठे निर्माण झाली, कुठे आहे, तिच्यावरचे हक्क कुठे बजावता येतात आणि ती कुठे उपभोगली जाते, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून करदात्याची बांधिलकी निरनिराळ्या देशांत वाटून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. यांतले सेलिगमन हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबियातले गुरू. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील बाबासाहेबांच्या १९२५ च्या ग्रंथाला त्यांचीच प्रस्तावना आहे. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाच्या साधनांची वाटणी कशी झाली, हा त्या ग्रंथाचा विषय. एकाच प्रजेच्या उत्पन्नावर एकाहून अधिक सरकारांचा हक्क असतो तेव्हा न्याय कसा करायचा, ही गुरू आणि शिष्य या दोघांचीही चिंता होती.

हे चार प्रश्न पुण्याला परतलेल्या त्या इंजिनिअरला लावले, की तत्त्वांची ओढाताण स्पष्ट दिसते. समजा, तो भारतीय नागरिकच राहिला आहे आणि त्याने ग्रीन कार्ड परत केले आहे. त्याला अमेरिकेतून दोन रकमा येतात. एक तिथल्या सोशल सिक्युरिटीची आणि दुसरी ४०१(के) या निवृत्ती खात्याची. दोन्ही एकाच नोकरीतून, एकाच पगारातून कापून साठलेल्या. भारत-अमेरिका करारानुसार खासगी पेन्शनवर फक्त निवासाच्या देशाने कर घ्यायचा, म्हणून ४०१(के)ची रक्कम भारताच्या वाट्याला येते. सोशल सिक्युरिटीवर मात्र फक्त ती देणाऱ्या देशाचा हक्क, म्हणून तिच्यातून अमेरिका कर कापते. ८५ टक्के रकमेवर ३० टक्के, म्हणजे एकूण साडेपंचवीस टक्के कर रक्कम हातात येण्यापूर्वीच जातो आणि भारत त्या रकमेला हात लावत नाही. मोठे उत्पन्न असलेल्याला हा दर कदाचित जाचणार नाही. ज्याची सगळी गुजराण त्या एका रकमेवर आहे, त्याला भारतात पुष्कळच कमी कर लागला असता. त्याच्यावर मात्र हा सपाट दर जड पडतो. कारण निवासाचे राज्य माणसाचे सगळे उत्पन्न, वय आणि ऐपत पाहू शकते. उगमाच्या राज्याला फक्त एक धनादेश दिसतो. निवासाच्या बाजूचा हा युक्तिवाद सगळ्यांत बळकट आहे. सत्तरीच्या म्हाताऱ्याला सूट देणारा जुना नियमही त्या म्हाताऱ्याला ओळखणारे राज्यच पाळू शकते.

‘निवासी’ कोण, याचे उत्तर भारतीय कायदा दिवस मोजून देतो. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला, किंवा ६० दिवस राहून मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस राहिलेला माणूस सर्वसाधारणपणे निवासी ठरतो. भेटीला येणाऱ्या अनिवासी भारतीयांसाठी साठाची मुदत १८२ दिवसांपर्यंत वाढवलेली आहे. मात्र ज्यांचे परदेशी उत्पन्न सोडून इतर उत्पन्न १५ लाखांवर आहे, त्यांच्यासाठी ती २०२० पासून १२० दिवसांवर आली. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा कायदा घेतो; निवासाची ही चौकट त्यातही कायम आहे. दिवस मोजणे हा कोरडा निकष आहे खरा. पण अधिकाऱ्याला माणसाच्या मनातली आपुलकी तपासायची सत्ता देण्यापेक्षा त्याच्या हाती कॅलेंडर देणे अधिक सुरक्षित असते.

या चौकटीतला सर्वांत समंजस भाग म्हणजे ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला’ हा मधला दर्जा. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांपेक्षा जास्त भारतात न राहिलेल्या माणसाला परतल्यावर काही काळ परदेशी उत्पन्नावर भारतात कर पडत नाही. बहुतेकांना ही सवलत दोन-तीन वर्षे मिळते. बांधिलकी एका रात्रीत एका देशातून दुसऱ्या देशात जात नाही, ती हळूहळू रुजते, ही जाण त्यात आहे. बारकावा असा, की परदेशी पेन्शन या काळात आधी परदेशातल्या खात्यात जमा व्हावी लागते. ती थेट भारतातल्या बँकेत उतरवली, तर ‘भारतात मिळालेले उत्पन्न’ म्हणून तिच्यावर कर लागतो. माणूस तोच, रक्कम तीच. फक्त पहिले खाते कोणत्या देशातले, एवढ्यावर कर ठरतो. चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर यात सापडत नाही आणि नियम माहीत नसलेला माणूस फुकट भरडला जातो.

काळाच्या बाबतीतही असाच पेच होता. भारत परदेशी निवृत्ती खात्यातली वाढ दरवर्षी करपात्र धरे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा हे देश पैसे काढताना कर घेत. दोन देश एकाच उत्पन्नाला वेगवेगळ्या वर्षी हात घालत असल्यामुळे एकीकडे भरलेल्या कराचे श्रेय दुसरीकडे मिळणे अवघड होई. २०२१ मध्ये कायद्यात सुधारणा झाली आणि या तीन देशांतील खात्यांपुरता, पैसे काढताना तिकडे कर लागेल तेव्हाच इकडे तो मोजण्याचा पर्याय मिळाला. न हाताळलेल्या पैशावर म्हाताऱ्याकडून कर मागणे थांबले, ही साधी पण खरी सुधारणा होती.

लंडनला गेलेल्या शिक्षिकेची गोष्ट उलट दिशेने जाते. जिल्हा परिषद ही स्थानिक संस्था. तिच्या सेवेची पेन्शन भारत-ब्रिटन करारात सरकारी पेन्शन ठरते आणि तिच्यावर फक्त भारत कर घेतो. बाई नोव्हेंबरात हयातीचा दाखला पाठवतात, पेन्शन अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात जमा होते, कर इकडेच कापला जातो. याच बाई खासगी कंपनीत असत्या, तर त्यांच्या पेन्शनवर फक्त ब्रिटनने कर घेतला असता. आणि उद्या त्यांनी ब्रिटनचे नागरिकत्व घेतले, तर सरकारी पेन्शनवरचा हक्कही ब्रिटनकडे जातो. या नियमामागे जुना राजनैतिक संकेत आहे: एका राज्याच्या तिजोरीतून गेलेल्या पैशावर दुसऱ्या राज्याने कर बसवू नये. राजदूताच्या पगाराला हा संकेत शोभतो. चौथीच्या वर्गाला पाढे शिकवलेल्या बाईंच्या पेन्शनला तो लावताना मात्र राज्याराज्यांमधली अदब पाहिली जाते. त्या ज्या गल्लीत राहतात तिथली स्वच्छता आणि दवाखाना कोणाच्या पैशावर चालतो, हे विचारात येत नाही.

या बाबतीत भारताला इतिहासाचा कडू अनुभव आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून संपत्तीच्या निःसारणाचा जो हिशेब मांडला, त्यात इंग्लंडात राहणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या पेन्शनींना मोठे स्थान होते. रयतेच्या शेतसाऱ्यातून ‘होम चार्जेस’ म्हणून पैसा जाई आणि खर्च होई विलायतेत. पैसा उगमाच्या देशात ना फिरे, ना तिथल्या कोणाच्या हाताला काम देई. स्वातंत्र्यानंतरच्या १९६१ च्या कायद्यातही भारताबाहेर कायम राहणाऱ्या जुन्या आयसीएस अधिकाऱ्यांची आणि स्वातंत्र्यापूर्वी नेमलेल्या काही न्यायाधीशांची परदेशात मिळणारी पेन्शन भारतीय उत्पन्न धरायची नाही, अशी तरतूद होती. फक्त निवासाच्या देशालाच कराचा हक्क दिला, तर उगमाच्या गरीब देशाच्या पदरात काय पडते, हे दादाभाईंच्या आकड्यांत दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना करारात पेन्शनवर उगमाच्या देशालाही कर घेऊ देणारा पर्याय आहे. श्रीमंत देशांच्या संघटनेचा नमुना मात्र मुळात निवासाकडे झुकतो. त्यामागचा वाद हाच आहे.

नागरिकत्वावर आधारलेला हक्क सर्वांत दुबळा दिसतो, तरी अमेरिका तो यादवी युद्धाच्या काळापासून बजावत आली आहे. १९२४ मध्ये कुक विरुद्ध टेट खटल्यात, मेक्सिकोत राहून तिथेच कमावणाऱ्या अमेरिकी नागरिकावरचा कर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. सरकारचा फायदा नागरिकाला तो जिथे असेल तिथे पोचतो, असा त्यामागचा विचार होता. त्यामुळे पुण्यातला इंजिनिअर अमेरिकी नागरिक असेल, तर त्याला भारतात कर भरूनही दरवर्षी तिकडे विवरणपत्र द्यावे लागते आणि इकडच्या कराचे श्रेय तिकडे मागावे लागते. जगातले जवळजवळ सर्व देश असे करत नाहीत. पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडमधल्या स्विंडनला कामाला गेलेला गोंयकार कर ब्रिटनला देतो, लिस्बनला नाही. संकटात दूतावासाचे दार उघडे असणे हा खरा लाभ आहे. पण तेवढ्या लाभापोटी आयुष्यभराच्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागणे प्रमाणाबाहेरचे आहे.

दोन्हीकडून कर पडणे हा अन्याय, तसा कुठेच न पडणे हाही अन्यायच. पोर्तुगालने २००९ पासून नव्याने राहायला येणाऱ्यांना परदेशी पेन्शन करमुक्त केली. फिनलंड आणि स्वीडनचे पेन्शनर तिकडे जाऊन राहू लागले. करारानुसार खासगी पेन्शनवरचा हक्क निवासाच्या देशाचा, आणि तो देश घेणार शून्य. सवलत देऊन वाढवलेली बचत अशी निसटताना पाहून फिनलंडने करारच मोडला आणि २०१९ पासून स्वतः कर घेऊ लागला; स्वीडनने २०२२ पासून तेच केले. पोर्तुगालने मधल्या काळात १० टक्के दर लावला होता, पण तोवर उशीर झाला होता. पुढे ढकललेला कर हे देणे असते, दान नव्हे, हा फिनलंडचा मुद्दा ऋणाच्या कल्पनेशी तंतोतंत जुळतो.

रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेल्या माणसाची अवस्था याहून वेगळी. तिथे त्याच्या पगारावर प्राप्तिकर नसतो. परक्या कामगाराला पेन्शनही नसते. नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवरून एकरकमी रक्कम मिळते आणि संबंध संपतो. राज्याने काही मागितले नाही आणि काही बांधूनही घेतले नाही. करमुक्त पगाराचे कौतुक करताना ही दुसरी बाजू सहसा विसरली जाते: जिथे कराचे नाते नाही, तिथे म्हातारपणाचेही नसते.

न्याय्य वाटणी या सगळ्यातून सुचते ती अशी. निवासाच्या राज्याला मुख्य हक्क असावा, कारण म्हाताऱ्याची काळजी तेच घेते आणि त्याची ऐपत तेच मोजू शकते. ज्या राज्याने बचतीवरचा कर पुढे ढकलला, त्याला ठरावीक, माफक दराने वाटा मिळावा आणि त्याचे पुरे श्रेय निवासाच्या राज्याने द्यावे. भारताला आज परतणाऱ्यांमुळे निवासाचा नियम फायद्याचा आहे, तर मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांमुळे उगमाचा. सोयीप्रमाणे बाजू बदलण्यापेक्षा दोन्ही प्रसंगांत एकच तत्त्व धरणे राज्याला अधिक शोभेल.

ऋणाची भाषा राज्यालाही बांधते, आणि तिथे आजची व्यवस्था सर्वांत उणी पडते. ब्रिटनमध्ये आयुष्यभर राष्ट्रीय विमा भरून भारतात परतलेल्याची सरकारी पेन्शन गोठते. तिकडे दरवर्षी होणारी वाढ भारतात राहणाऱ्याला मिळत नाही. अशाच स्थितीतले पेन्शनर कार्सन खटला ब्रिटनमध्ये २००५ साली आणि मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात २०१० साली हरले. ही व्यवस्था मुख्यतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, हा विचार तिथे मान्य झाला. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के कापले जातात आणि मालक तेवढेच भरतो. पेन्शनचा हक्क मात्र ४० श्रेयांक, म्हणजे साधारण दहा वर्षे भरल्यावर लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांनी पुण्या-मुंबईला परतणाऱ्याची तिकडची आणि इकडची वर्षे जोडली जात नाहीत आणि भरलेले पैसे तिथेच राहतात. जर्मनी, फ्रान्स, जपान अशा अनेक देशांशी भारताने असे करार केले आहेत, म्हणजे ते अशक्य नाहीत. श्रम घेतले, वर्गणी घेतली आणि म्हातारपणी काहीच द्यायचे नाही, ही स्थिती कराच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही: इथे घेतलेल्या किमतीच्या बदल्यात रक्षण नाही, निवासाचे कर्तव्य नाही आणि ऋणही परत फेडलेले नाही. पेन्शनवर कोणी किती कर घ्यावा यावर दोन राज्यांत वाटाघाटी होतात, तेव्हा न मिळालेल्या पेन्शनचा हा हिशेबही त्याच टेबलावर यायला हवा.